प्रोपेलरचा आवाज नेमका कुठून येतो? माइक-अ‍ॅरेबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंजिनिअरिंगची पोरं, आरसी म्हणजे रिमोटची विमानं उडवणारे आणि नागपूर विमानतळाजवळ सोनेगाव-खापरीकडे राहणारी वैतागलेली मंडळी, या सगळ्यांकडून तेच तेच प्रश्न येत असतात म्हणून एकदाच इथे लिहून ठेवतोय. क्रमाला काही अर्थ नाही, आठवले तसे घेतलेत. आकडेमोड आहे पण गुणाकार-भागाकाराच्या पुढची नाही, घाबरू नका.

हे माइक-अ‍ॅरे प्रकरण आहे तरी काय?

सीताबर्डीच्या गर्दीत मागून कोणी हाक मारली की मान बरोबर त्याच बाजूला वळते, कारण आवाज एका कानाला आधी आणि दुसऱ्याला जरासा उशिरा पोचतो, फरक जास्तीत जास्त एका मिलीसेकंदाच्या दोन-तृतीयांश एवढाच असतो पण मेंदूला तेवढा पुरतो. अ‍ॅरेमधे दोन कानांऐवजी १६, ६४, कधी शंभरच्या वर माइक एका पाटीवर लावलेले असतात आणि सगळे एकाच वेळी रेकॉर्ड करतात.

मग कॉम्प्युटर काय करतो, तर प्रोपेलरच्या जागी एक काल्पनिक जाळी धरतो, त्यातला एकेक बिंदू घेतो आणि विचारतो की आवाज इथून निघाला असता तर प्रत्येक माइकला किती उशिरा पोचला असता? तेवढा उशीर प्रत्येक रेकॉर्डिंगमधून काढून टाकायचा आणि सगळी रेकॉर्डिंग एकावर एक बेरीज करायची. आवाज खरंच तिथून आला असेल तर लाटा एकमेकींवर बरोबर बसतात आणि बेरीज मोठी येते, नसेल तर त्या आपसात खाऊन टाकतात. असं सगळ्या बिंदूंसाठी केलं की लाल-पिवळा-निळा नकाशा तयार. याला बीमफॉर्मिंग म्हणतात. आयडिया नवी नाही, बिलिंग्जली आणि किन्स यांनी १९७६ मधेच जेट इंजिनावर असा प्रयोग करून छापला होता.

त्यापेक्षा एकच चांगला महागडा माइक घेतला तर?

तुमचा प्रश्न 'किती आवाज' एवढाच असेल तर एकच घ्या, राजेहो, खरंच. हलक्या प्रोपेलर विमानांना आवाजाचं सर्टिफिकेट देताना आयकाओच्या (आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या) परिशिष्ट १६ मधेसुद्धा जमिनीवरचा एकच माइक धरलाय, ४० सेंटीमीटर व्यासाची पांढरी रंगवलेली धातूची चकती जमिनीवर ठेवायची आणि तिच्यावर ७ मिलिमीटर उंचीवर माइक उलटा टांगायचा. 'कुठून' हा प्रश्न आला की मगच अ‍ॅरे.

पण आवाज तर इंजिनचा असतो ना, प्रोपेलरचा कसा काय?

हे सगळ्यांनाच वाटतं. प्रोपेलरच्या विमानात बराचसा आवाज पंख्याचाच असतो आणि तो दोन जातींचा असतो.

पहिली जात म्हणजे टोन, तो एकसुरी घूं. ब्लेडला जाडी असते म्हणून ते हवा बाजूला ढकलत जातं, आणि ब्लेड जोर लावतं म्हणून त्याच्याबरोबर दाबाचा एक फुगवटा फिरत असतो, हा फुगवटा दर ब्लेडमागे एकदा तुमच्यासमोरून जातो. म्हणून त्याची फ्रिक्वेन्सी काढणं एकदम सोपं, दर सेकंदाचे फेरे गुणिले ब्लेडची संख्या. सेसना १७२ दोन ब्लेडची, २४०० आरपीएमवर सेकंदाला ४० फेरे, म्हणजे ८० हर्ट्झ. एटीआर ७२ सहा ब्लेडचं, टेकऑफला १२०० आरपीएम, म्हणजे १२० हर्ट्झ. त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट असे सूरही सोबत येतात. फिरणाऱ्या जोराचा हा हिशोब गुटिन नावाच्या सोव्हिएत शास्त्रज्ञाने १९३६ मधेच मांडला होता, आणि आज जे समीकरण सगळे वापरतात ते फॉक्स विल्यम्स आणि हॉकिंग्ज यांचं १९६९ चं.

दुसरी जात ब्रॉडबँड, म्हणजे सूर नसलेला फस्स आवाज. ब्लेडच्या पृष्ठभागावरून वाहणारी हवा खवळलेली असते, ती मागच्या धारेवरून म्हणजे ट्रेलिंग एजवरून सुटताना आवाज करते. टोकाला भोवरा सुटतो त्याचा वेगळा. आणि समोरून येणारी हवाच खवळलेली असेल तर ती पुढच्या धारेवर म्हणजे लीडिंग एजवर आदळून आणखी वेगळा.

या दोन जाती डोक्यात पक्क्या ठेवा. अ‍ॅरेला दुसरी जात छान सापडते आणि पहिली जवळपास सापडतच नाही, आणि लोकांची तक्रार मात्र नेमकी पहिलीबद्दल असते.

मग वर्धा रोडला घरात बसून जी घुमघुम ऐकू येते ती नकाशावर का दिसत नाही?

वर म्हटलं तेच, पण आकड्यांत बघू, कारण आकडे बघितल्याशिवाय कोणी ऐकत नाही.

अ‍ॅरेला किती बारीक दिसतं याचा ढोबळ नियम असा, १.२२ गुणिले आवाजाची तरंगलांबी गुणिले अंतर, भागिले अ‍ॅरेचा व्यास. तरंगलांबी म्हणजे आवाजाचा वेग भागिले फ्रिक्वेन्सी, आणि वेग २० अंशाला सेकंदाला ३४३ मीटर धरायचा. १२० हर्ट्झला तरंगलांबी जवळजवळ २.९ मीटर. आता एटीआरपासून २० मीटरवर उभं राहून तुम्हाला एक मीटरचा फरक ओळखायचाय, टोकाकडून येतोय की मधून एवढंच, तर अ‍ॅरेचा व्यास लागेल सुमारे ७० मीटर. सत्तर. एवढी पाटी कुठे उभी करणार?

उलट १० किलोहर्ट्झला तरंगलांबी साडेतीन सेंटीमीटरसुद्धा पूर्ण नाही, त्यामुळे एक मीटर व्यासाचा अ‍ॅरे दीड मीटरवर ठेवला तर सहा-साडेसहा सेंटीमीटरचा फरक कळतो. ५ किलोहर्ट्झला तोच साडेबारा सेंटीमीटर. आता तुमचा ड्रोनचा प्रोपेलर १० इंची, म्हणजे पंचवीस सेंटीमीटर, हबपासून (मधल्या बुंध्यापासून) टोकापर्यंत साडेबारा. म्हणजे ५ किलोहर्ट्झच्या खाली हब आणि टोक वेगळे दिसायची आशाच सोडा, डाग एकच येणार आणि तो दोघांनाही झाकणार.

यात सॉफ्टवेअरचा, माइकच्या किमतीचा किंवा तुमच्या मेहनतीचा काही संबंध नाही. लाटेची लांबीच मोठी आहे.

ठीक आहे, मोठा अ‍ॅरे बनवला समजा, मग तर टोन सापडेल?

इथेच खरी गंमत आहे आणि मला स्वतःला हा सगळ्या विषयातला सगळ्यात आवडता भाग वाटतो.

बीमफॉर्मिंग एक गोष्ट गृहीत धरून चालतं की आवाजाचे उगम छोटे बिंदू आहेत आणि ते एकमेकांपासून स्वतंत्र आवाज करतात. ब्रॉडबँडला हे बऱ्यापैकी लागू पडतं, या ब्लेडवरची खळबळ त्या ब्लेडला विचारून होत नाही. पण टोनमधे सगळी ब्लेडं एकाच शाफ्टला बांधलेली, एका तालात. सगळ्यांचा आवाज मिळून एक फिरणारी लाट तयार होते, आणि अ‍ॅरेला ब्लेड दिसत नाही, ती लाट दिसते. ती लाट मधून बाहेर जाताना जास्त त्रिज्येवर जास्त वेगाने सरकते, आणि ज्या त्रिज्येवर तिचा बघणाऱ्याच्या दिशेने सरकण्याचा वेग आवाजाच्या वेगाएवढा होतो तिथे अ‍ॅरेला 'उगम' दिसतो. याला माख त्रिज्या म्हणतात.

उदाहरण घ्या. तोच १० इंची प्रोपेलर ६००० आरपीएमवर, बाजूने बघितला. ब्लेडसोबत फिरणाऱ्या लाटेसाठी ही त्रिज्या येते साधारण ५५ सेंटीमीटर. ब्लेडचं टोक १२.७ सेंटीमीटरवर! म्हणजे टोनचा लाल डाग जिथे ब्लेडच नाही, नुसती हवा आहे, तिथे पडणार. आणि एकामागे एक उलट फिरणारे दोन पंखे असतील तर त्यांच्या आपसातल्या टोनमधे काही लाटा अशा असतात की त्या फिरतच नाहीत, त्यांचा डाग थेट शाफ्टवर पडतो, मग पोरं म्हणतात गिअरबॉक्स वाजतोय. होर्वाथ, एन्व्हिया आणि पॉडबॉय यांनी नासाच्या ग्लेन केंद्रातल्या अशा दुहेरी पंख्यांच्या मोजमापावर २०१४ मधे हे नीट दाखवून दिलंय.

म्हणून टोनच्या फ्रिक्वेन्सीवरचा नकाशा बघून 'आवाज इथून येतो' असं रिपोर्टमधे लिहू नका. टोनचा उगम शोधायला वेगळे रस्ते आहेत, ब्लेडवरचा दाब मोजा, आरपीएम बदलून बघा, एक ब्लेड मुद्दाम बाकीच्यांपेक्षा जरा वेगळं ठेवून बघा, किंवा सरळ हिशोबाने काढा. अ‍ॅरे त्यासाठी नाही.

सोनेगावच्या सेसनामधे इंजिन किती आणि प्रोपेलर किती हे तरी सांगता येईल?

हा प्रश्न दिसतो सोपा आणि निघतो वाह्यात. सेसना १७२ चं इंजिन चार सिलिंडरचं, चार स्ट्रोकचं, आणि प्रोपेलर सरळ क्रँकशाफ्टवर बसवलेला, मधे गिअर नाही. चार स्ट्रोकमधे प्रत्येक सिलिंडर दोन फेऱ्यांत एकदा पेटतो, चार सिलिंडर म्हणजे एका फेरीत दोन धमाके. आणि ब्लेड किती? दोन. म्हणजे २४०० आरपीएमला एक्झॉस्टचा आवाज ८० हर्ट्झ आणि प्रोपेलरचाही ८० हर्ट्झ, हर्ट्झला हर्ट्झ तोच! दुप्पट-तिप्पट सूरही तेच. एक्झॉस्टचा पाइप प्रोपेलरपासून जेमतेम मीटरभर मागे आणि ८० हर्ट्झची तरंगलांबी ४.३ मीटर, त्यामुळे अ‍ॅरेला ते दोन वेगळे दिसूच शकत नाहीत.

पण एक पळवाट आहे आणि तिला एकच माइक पुरतो. चारही सिलिंडर कधीच हुबेहूब सारखे पेटत नाहीत, त्यामुळे सिलिंडरच्या मूळ तालाच्या रेषा स्पेक्ट्रममधे (कोणत्या फ्रिक्वेन्सीला किती आवाज याच्या आलेखात) डोकावतात, म्हणजे २०, ६०, १०० हर्ट्झ. प्रोपेलर एका फेरीत पूर्ण एकदा फिरतो, त्यामुळे त्याची ब्लेडं थोडी असमान असली तरी रेषा ४०, ८०, १२० वरच येणार, २० किंवा ६० वर त्याचा काही संबंध नाही. त्या विषम रेषा दणदणीत असतील तर इंजिनचा वाटा मोठा आहे असं समजायला हरकत नाही. टक्केवारी मात्र मागू नका.

ब्लेड तर फिरत असतं, मग फोटोसारखा नकाशा निघतो कसा?

साधं बीमफॉर्मिंग केलं तर निघत नाही. घरचा पंखा फुल स्पीडवर असला की पाती दिसत नाहीत, चकती दिसते, तसंच इथे होतं, टोकाजवळच्या उगमाचं गोल कडं दिसतं आणि कुठल्या ब्लेडचा आवाज ते कळत नाही. कधी कधी तेवढंही पुरतं, कडं किती त्रिज्येवर आहे हे कळलं की टोक की मधला भाग हे समजतं.

ब्लेड थांबवून बघायचं असेल तर नकाशाची जाळीच ब्लेडसोबत फिरवायची. २००१ मधे नेदरलँड्सच्या मंडळींनी, साइट्स्मा, ऊर्लेमान्स आणि होल्टहुझेन यांनी, यासाठी रोझी नावाची पद्धत काढली. त्यात उशीर प्रत्येक क्षणी नव्याने काढावा लागतो, आणि तो आवाज *निघाला* तेव्हा ब्लेड कुठे होतं त्यावरून काढायचा, पोचला तेव्हावरून नाही. हा फरक किरकोळ नाही. ६००० आरपीएमवर ब्लेड एका मिलीसेकंदात ३६ अंश फिरतं, आणि दीड मीटर यायला आवाजाला ४.४ मिलीसेकंद लागतात. म्हणजे आवाज माइकपर्यंत येईस्तोवर ब्लेड १५७ अंश पुढे निघून गेलेलं असतं, जवळजवळ पार पलीकडे. फिरणाऱ्या उगमामुळे सूर वर-खाली होतो तो डॉपलरचा परिणामही याच हिशोबात निघून जातो.

दुसरी पद्धत म्हणजे माइक गोल कड्यावर लावायचे, कड्याचं केंद्र बरोबर शाफ्टच्या रेषेत, आणि शेजारशेजारच्या माइकच्या रेकॉर्डिंगमधून मधल्या जागी माइक असता तर काय ऐकलं असतं ते काढत जायचं, असं करून कागदावर माइकच ब्लेडसोबत फिरवायचे. हिशोब हलका होतो पण कडं जरा जरी तिरकं लागलं तरी सगळं बिघडतं.

दोन्हीला दर फेरीला एक टिक देणारा टॅको पाहिजेच. शाफ्टवर चमकणाऱ्या टेपचा एक तुकडा आणि समोर ऑप्टिकल सेन्सर, झालं. पण त्याचा सिग्नल माइकच्याच डेटा कार्डवर, त्याच क्लॉकवर घ्या. 'आरपीएम साधारण ६००० होता' हे वाक्य इथे काही कामाचं नाही.

किती माइक घेऊ? सर म्हणाले १६ पुरतात.

सर काय करायला पुरतात म्हणाले ते विचारून घ्या. बाजारात चार बाय चारचे तयार बोर्ड मिळतात, ज्यात दोन माइकमधलं अंतर ४२ मिलिमीटर असतं. त्याची रुंदी होते १२.६ सेंटीमीटर. एक मीटरवरून ४ किलोहर्ट्झला त्याला ८० सेंटीमीटरच्या आसपासचा फरक कळतो, म्हणजे तुमचा अख्खा प्रोपेलर, मोटार, स्टँड आणि शेजारी उभा मित्र सगळे एका डागात. आणि फ्रिक्वेन्सी वाढवली तर ४ किलोहर्ट्झच्या वर दुसरं दुखणं सुरू होतं, दोन माइकमधलं अंतर अर्ध्या तरंगलांबीपेक्षा जास्त झालं की खोटे डाग यायला लागतात, आणि चौकोनी मांडणीत ते खऱ्याएवढेच तेजस्वी असतात. शिकायला, कोड चालतो का बघायला तो बोर्ड मस्त आहे, प्रोपेलर बघायला नाही.

म्हणून मांडणी स्पायरल करतात, कोणत्याही दोन जोड्यांमधलं अंतर आणि दिशा शक्यतो सारखी येऊ नये म्हणून. त्यात खोटे डाग जात नाहीत पण दबतात. आणि माइकची संख्या जितकी जास्त तितका माइकवरच्या वाऱ्याचा वगैरे ज्याचा-त्याचा वेगळा गोंगाट बेरजेत दबतो, ६४ माइकला हा फायदा १८ डीबी (डेसिबल). माझं मत विचाराल तर पैसे मर्यादित असतील तर महागडे १६ घेण्यापेक्षा साधे एमईएमएस (मोबाइलमधे असतात तसे चिपवरचे छोटे माइक) ६४ घ्या, आणि पाटी जितकी मोठी करता येईल तितकी करा. माइकची जागा मात्र मिलिमीटरपर्यंत मोजून लिहून ठेवा, डिझाइनमधली जागा नाही, खरी लागलेली.

मित्रांचे आठ-दहा मोबाइल गोल ठेवून करता येईल का? फुकटात होईल.

नाही. ४८ हजार सॅम्पल रेटला एक सॅम्पल म्हणजे २०.८ मायक्रोसेकंद, तेवढ्यात आवाज ७ मिलिमीटर जातो. १० किलोहर्ट्झची अख्खी लाटच ३४ मिलिमीटरची, त्यातला पाचवा हिस्सा एका सॅम्पलच्या चुकीने गेला. मोबाइलचं घड्याळ दुसऱ्या मोबाइलपेक्षा दहा लाखात २० ने जरी पुढे-मागे असलं तरी एका मिनिटात १.२ मिलीसेकंदांचा फरक पडतो, आवाजाच्या भाषेत ४१ सेंटीमीटर. टाळी वाजवून जुळवलं तरी पुढच्या क्षणापासून पुन्हा सरकायला लागतं. वेगवेगळ्या यूएसबी माइकचंही हेच. सगळे माइक एका क्लॉकवर पाहिजेत, याला तडजोड नाही.

सॉफ्टवेअर कोणतं?

अकूलार. पायथनमधलं आहे, फुकट आहे, बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठातल्या मंडळींनी लिहिलंय आणि फिरणाऱ्या उगमासाठीही त्यात सोय आहे. साधा नकाशा आधी काढा, मग डामास किंवा क्लीन-एससी लावा. या दोन्ही पद्धती अ‍ॅरेने स्वतः तयार केलेला पसारा नकाशातून काढून टाकतात. डामास नासा लँगलीच्या ब्रूक्स आणि हम्फ्रीज यांची, आणि क्लीन-एससी २००७ ची, वर ज्यांचं नाव आलं त्याच साइट्स्मांची. क्लीन-एससी पटकन चालतं आणि दिसायला फार देखणं येतं, बारीक बारीक टिंबं, आणि म्हणूनच त्याच्यावर जास्त डोळा ठेवा, कारण पसरलेला उगमसुद्धा ते टिंब करून दाखवतं.

नकाशावरचे डीबी खरे धरायचे का?

एकाच सेटअपमधे दोन प्रोपेलरची तुलना करायला धरा. बाहेर जाऊन 'आमचा प्रोपेलर अमुक डीबी' सांगायला धरू नका. शिखराचा आकडा अ‍ॅरेवर, अंतरावर, उगम किती पसरलाय यावर बदलतो. आणि काहीही करायच्या आधी ब्लेडच्या जागी एक छोटा स्पीकर ठेवून ब्रॉडबँड आवाज लावा, शेजारी कॅलिब्रेटरने तपासलेला एक माइक ठेवा, डाग स्पीकरवर पडतो का आणि आकडा जुळतो का बघा. स्पीकर दहा सेंटीमीटर सरकवा, डाग दहा सरकला का? ही परीक्षा न दिलेल्या अ‍ॅरेचा नकाशा मी तरी बघत नाही.

नागपूरच्या उन्हाने काही फरक पडतो का हो?

पडतो ना बाप्पा. आवाजाचा वेग तापमानावर असतो, जानेवारीत पहाटे १० अंशाला सेकंदाला ३३७ मीटर आणि मेच्या दुपारी ४५ ला ३५८. सॉफ्टवेअरमधे ३४३ तसाच राहू दिला तर उन्हाळ्यात चार टक्क्यांच्या वर चूक. मधोमध असलेला डाग फारसा हलत नाही पण कडेचा डाग मधाकडे ओढला जातो, आणि वरच्या फ्रिक्वेन्सीला बेरीज नीट न जुळल्याने आकडाही पडतो. थर्मामीटर माइकच्या पाटीजवळ सावलीत लावा आणि दर रेकॉर्डिंगला तापमान लिहा.

दुसरं म्हणजे गरम हवेत प्रोपेलरचाच आवाज बदलतो. सेसनाच्या ब्लेडचं टोक २४०० आरपीएमला सेकंदाला २३९ मीटरने जातं, ते १० अंशाला आवाजाच्या वेगाच्या ७१ टक्के होतं आणि ४५ ला ६७ टक्के. टोनचा जोर या टक्केवारीवर फार अवलंबून असतो. तेव्हा हिवाळ्यातला प्रोपेलर 'अ' आणि उन्हाळ्यातला प्रोपेलर 'ब' अशी तुलना करून कोणी 'ब शांत निघाला' म्हणत असेल तर त्याला आधी तारीख विचारा.

हे गच्चीवर किंवा कॉलेजच्या हॉलमधे होईल?

गच्चीवर जमीन आणि पॅरापेटची भिंत आवाज परत फेकतात, त्यामुळे भिंतीमागे एक भुताचा प्रोपेलर दिसतो. वारा नसलेली पहाट निवडा, दुपारची लू चालू असताना माइकमधे फक्त लू येते. प्रोपेलर उंच स्टँडवर ठेवा, खाली जाड फोम टाका.

हॉलमधे वेगळीच भानगड आहे. बंद जागेत प्रोपेलर स्वतःचीच फेकलेली हवा काही सेकंदांत परत ओढायला लागतो, ती खवळलेली हवा ब्लेडवर आदळते आणि वरचे सूर वाढतात, म्हणजे तुम्ही प्रोपेलर नाही, खोली मोजून राहिले. मोटार सुरू केल्यावर पहिली काही सेकंदं आणि नंतरची वेगळी काढून बघा, फरक स्पष्ट दिसतो. जागा मोठी घ्या, झोतासमोरचं दार उघडं ठेवा.

अ‍ॅरे झोतात ठेवू नका, पुढच्या बाजूने बघा. आणि प्रोपेलर ज्या पातळीत फिरतो त्या पातळीत कोणीही उभं राहायचं नाही, ब्लेड तुटलं तर तुकडा त्याच पातळीत सुटतो. जाळी लावली तर जाळीचाही आवाज येतो, म्हणून जाळीपेक्षा अंतर बरं.

एवढं सगळं करून कोणाला काही ठोस सापडलं का?

हो, आणि सगळ्यात सुंदर उदाहरण पवनचक्कीचं आहे. ऊर्लेमान्स, साइट्स्मा आणि मेंडेझ लोपेझ यांनी ५८ मीटर व्यासाच्या पवनचक्कीसमोर जमिनीवर १४८ माइक लावले, निकाल २००७ मधे छापला. जमिनीवरच्या माणसाला जवळजवळ सगळा आवाज ब्लेड खाली येत असतानाच ऐकू येतो, आणि तो ब्लेडच्या बाहेरच्या भागातून, पण अगदी टोकातून नाही. ट्रेलिंग एजचा आवाज. त्या आधी टोकावर संशय घेऊन लोक टोकाचे आकार बदलत बसायचे.

ड्रोनच्या पंख्यावरही मोठ्या फ्रिक्वेन्सीला असंच काहीसं बघायला मिळतं, एक बाजू जास्त लाल. ते ब्लेड खराब नसतं, तुमच्याकडे येणाऱ्या ब्लेडचा आवाज वाढून येतो आणि दूर जाणाऱ्याचा कमी होऊन. अ‍ॅरे दुसऱ्या बाजूला ठेवा, लाल बाजूही बदलेल.

मग आवाज कमी करायला काय करू?

टोकाचा वेग कमी करा. बाकी सगळं नंतर. ट्रेलिंग एजच्या आवाजाची ताकद वेगाच्या जवळपास पाचव्या घाताने वाढते, वेग १० टक्के कमी केला तर सव्वादोन डीबी मिळतात, आणि टोन तर त्याहून कितीतरी जास्त पडतो. जोर तेवढाच हवा असेल तर ब्लेड वाढवा, एटीआरला सहा ब्लेडं उगाच नाहीत. जास्त ब्लेडांचे आवाज दूरवर एकमेकांना जास्त खातात, फक्त सूर वरचा होतो आणि वरचा सूर कानाला जास्त लागतो. ए-वेटिंगमधे (कानाला जसं ऐकू येतं तसे डीबी मोजायच्या पद्धतीत) ८० हर्ट्झचे २२.५ डीबी कापले जातात आणि १२५ ला १६ च.

पंख्यासमोर काही ठेवू नका. विमानाला मागून ढकलणारा प्रोपेलर असला की विंगच्या किंवा खांबाच्या मागची विस्कटलेली हवा प्रत्येक ब्लेड दर फेरीला कापतं आणि टोन दणक्यात वाढतो. आपल्या एनएएलच्या (राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेच्या) सारस विमानाची रचना अशीच मागून ढकलणारी होती. ड्रोनवर प्रोपेलर आणि हातामधलं अंतर थोडं वाढवून बघा, फुकटचा फायदा आहे. ट्रेलिंग एजला दाते कापायचं म्हणाल तर तिथे अ‍ॅरे खरा कामाला येतो, आधीचा आणि नंतरचा नकाशा शेजारी ठेवा.

रात्री विमानतळाचा आवाज जास्त येतो, रात्री जास्त जोरात चालवतात काय?

नाही काका. दिवसा जमिनीलगतची हवा तापलेली आणि वरची थंड, त्यामुळे आवाज वरच्या बाजूला वळून निघून जातो. रात्री जमीन थंड होते, वरची हवा गरम राहते, आवाज परत खाली वळतो. हिवाळ्यातल्या शांत रात्री जास्त जाणवेल. शिवाय रस्ता शांत असतो. यात प्रोपेलरचा दोष नाही आणि अ‍ॅरेचाही काही उपयोग नाही.

उडत्या ड्रोनवर करायचंय, परवानगी लागेल?

स्टँडवर बांधलेल्या प्रोपेलरला लागत नाही. उडवायचा असेल तर आधी डिजिटल स्काय या ड्रोनसाठीच्या सरकारी पोर्टलच्या नकाशावर जागा बघा, सोनेगावच्या विमानतळामुळे शहराचा मोठा भाग बंधनात येतो, आणि वायुसेना नगरच्या आसपास तर विचारही नको. तसंही पहिल्या वर्षाच्या प्रोजेक्टला उडता ड्रोन घेऊ नका, चार पंखे, चार वेगळे आरपीएम, आणि जागा सतत हलती. एक प्रोपेलर, एक मोटार, एक स्टँड.